मदत हवी आहे: फायब्रोमायल्जिया आणि पोटाचं नातं
तीन वर्षं अंग ठणकतंय. रिपोर्ट सगळे नॉर्मल, त्यामुळे घरच्यांना वाटायचं मी उगाच कुरकुरते. आता निदान झालंय, फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर सतत दुखण्याचा आजार. रात्रभर झोपूनही सकाळी अंग आंबलेलंच. गोळ्या आणि हळूहळू वाढवलेलं चालणं यांनी थोडा उतार आहे, पण एक दिवस जास्त चालले की पुढचे दोन दिवस अंथरुणात.

पोट बिघडलं की दुखणं वाढतं, हे मी वहीत टिपून पाहिलंय. २०१९ मध्ये कॅनडातल्या संशोधकांना फायब्रोमायल्जिया असलेल्या स्त्रियांच्या आतड्यांतले जिवाणू वेगळे आढळले. ते कारण की परिणाम, हे मात्र ठरलेलं नाही.

कुणी आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली लो-फॉडमॅप आहार (आतड्यात नीट न पचणारी, गॅस करणारी काही कर्बोदकं काही काळ टाळायचा) केलाय का? फक्त पोट सुधारलं की दुखणंही? प्रोबायोटिक विकणाऱ्यांनी कृपया मेसेज करू नका, आधीच चार डबे पडून आहेत!