जीस्ट्रीमरच्या एच.२६४ पार्सरमध्ये दुरुस्ती करण्याविषयी सल्ला हवा

फोंडेकर :
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या देवस्थानाच्या जत्रेत होणारी मराठी नाटके मी गेली काही वर्षे संग्रही ठेवत आलो आहे. यंदाचे चित्रीकरण एका व्यावसायिक स्टुडिओकडून संपादित होऊन आले असून त्यात अगदी तळाशी तिथीची पट्टी टाकलेली आहे. जीस्ट्रीमर (व्हिडिओ हाताळणारी मुक्त आज्ञावली) वापरून मी स्वतःपुरता लिहिलेल्या प्लेअरमध्ये त्या पट्टीतील अक्षरांचे उकार कापले जातात, त्यामुळे ‘माघ शुद्ध’ हे ‘माघ शद्ध’ असे दिसते. एमपी४ फाइलच्या वेष्टनावर उंची १०८० नोंदलेली आहे, एच.२६४ या व्हिडिओ-संकोचन मानकातील नोंदी वाचणारा जीस्ट्रीमरचा पार्सर, म्हणजे एच२६४पार्स, मात्र १०७२ सांगतो. कोड चाळला तेव्हा चित्र इंटरलेस्ड (एकाआड एक रेषांच्या दोन संचांत साठवलेले) असल्यास तळाच्या क्रॉपचा, म्हणजे कापायच्या रेषांचा, आकडा दुप्पट धरला जातो, असे दिसले. ती दुप्पट काढून टाकली की १०८० मिळते. हा पॅच (कोडमधील बदल) जीस्ट्रीमरला पाठवण्यापूर्वी कोणती तयारी करावी?

डिचोलीकर :
पॅच तूर्तास पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तुम्ही ज्याला दोष म्हणता, ते मानकात लिहिलेले गणित आहे.

एच.२६४ मध्ये चित्र १६ बाय १६ पिक्सेलच्या चौकोनांमध्ये (मॅक्रोब्लॉक) विभागले जाते. १०८० ला १६ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून एन्कोडर (फाइल संकुचित करणारी आज्ञावली) अशा चौकोनांच्या ६८ ओळी मांडून १०८८ उंचीचे चित्र साठवतो आणि तळाच्या ८ रेषा दाखवू नयेत, अशी नोंद एसपीएसमध्ये (चित्राचा आकार वगैरे सांगणाऱ्या नोंदींच्या भागात) करतो. ही नोंद रेषांत नसते, एककांत असते. नेहमीच्या ४:२:० रंगमांडणीत सलग चित्रासाठी एक एकक म्हणजे २ रेषा आणि इंटरलेस्डची मुभा असलेल्या प्रवाहासाठी ४ रेषा. त्यामुळे ८ रेषा कापण्यासाठी पहिल्या प्रकारात ४ लिहावे लागतात, दुसऱ्यात २. तुमच्या फाइलने स्वतःला इंटरलेस्ड म्हणवून घेत ४ लिहिले असतील, तर १६ रेषा जातात आणि १०७२ उरतात. तुमचा आकडा नेमका हाच आहे, हे लक्षात घ्यावे. दुप्पट काढून टाकल्यास तुमची एक फाइल सुधारेल, परंतु मानकाप्रमाणे २ लिहिणारी प्रत्येक इंटरलेस्ड फाइल १०८४ उंचीची दिसू लागेल आणि तळाशी ४ रेषांची, बहुधा हिरवट, किनार उमटेल.

खात्री करण्यासाठी एफएफएमपेग या मुक्त व्हिडिओ-साधनातील ट्रेस_हेडर्स हा बिटस्ट्रीम फिल्टर (चित्र न उलगडता नोंदी वाचणारा किंवा बदलणारा भाग) चालवावा. तो एसपीएसमधील प्रत्येक क्षेत्र आणि त्याची किंमत छापून देतो. त्यात फ्रेम_एमबीएस_ओन्ली_फ्लॅग आणि फ्रेम_क्रॉप_बॉटम_ऑफसेट एवढे दोनच पाहावेत; फ्लॅग ० असेल तर इंटरलेस्डची मुभा आहे, आणि ऑफसेट म्हणजे तळाच्या क्रॉपची एकके. वेष्टनावरचा १०८० हा पुरावा मानू नये. बरणीवर चिठ्ठी एक आणि आत लोणचे दुसरे, असे फाइलींच्या बाबतीत सर्रास घडते.

म्हापशाचा वाचक :
डिचोलीकरांशी सहमत आहे. फाइल मात्र पुन्हा एन्कोड करू नये, दर्जा विनाकारण घसरतो. एफएफएमपेगच्याच एच२६४_मेटाडेटा या फिल्टरला तळाचा क्रॉप ८ पिक्सेल द्यावा. तो केवळ एसपीएस नव्याने लिहितो, चित्राच्या डेटाला हात लावत नाही.

पार्सरमध्ये खरोखरच काम करण्याची हौस असेल, तर मानकाची मर्यादा आणि बिटांची क्षमता यांतील तफावत शोधावी, असे सुचवेन. जीस्ट्रीमरच्या एच.२६५ (एच.२६४ नंतरचे मानक) पार्सरमधील २०२३ सालची दुरुस्ती यासाठी अभ्यासण्यासारखी आहे. उपस्तरांची (प्रवाहातील वेळेनुसार पाडलेल्या थरांची) संख्या सांगणारे एक क्षेत्र ३ बिटांचे आहे, म्हणजे त्यात ७ मावतात. मानकाने मात्र ० ते ६ एवढ्याच किमतींना परवानगी दिली आहे. ही मर्यादा न तपासल्यामुळे मुद्दाम बिघडवलेली फाइल स्मृतीत सीमेबाहेर लिहू शकत होती. सप्टेंबर २०२३ मधील १.२२.६ या आवृत्तीत ती वाट बंद झाली. अशी दुरुस्ती बहुधा एकदोन ओळींचीच असते, पण ती का बरोबर आहे हे मानकातील कलम दाखवून सांगता येते, आणि पॅच तपासणाऱ्या परीक्षकांना तेच हवे असते. ‘माझ्या फाइलवर चालते’ हे कारण कोणीही स्वीकारत नाही, आणि स्वीकारूही नये.

फोंडेकर :
दोघांचेही मनापासून आभार. ट्रेस_हेडर्स चालवला; फ्लॅग ० आणि ऑफसेट ४ निघाला. स्टुडिओकडून कॅमेऱ्याची मूळ फाइल मागवून पाहिली, तर तिच्यात ० आणि २ असे बरोबर आहे. म्हणजे चूक संपादनानंतरच्या निर्यातीत झाली आहे. पॅच रद्द केला आहे. इंटरलेस्ड फाइलीतील २ आणि सलग फाइलीतील ४, या दोन्हींतून १०८०च निघते हे पडताळणारी चाचणी सध्या कोडमध्ये आहे का, ते आता पाहतो. नसल्यास ती लिहून पाठवावी का?

डिचोलीकर :
अवश्य पाठवावी. त्यासाठी नाटकाची फीत जोडू नये. हाताने लिहिलेले एसपीएसचे वीस-तीस बाइट चाचणीच्या फाइलीतच ठेवले की पुरते.