डॉल्फिन बघायला देवबाग: मुक्काम करायचा का?

ए-१०२ (सेक्रेटरी): नमस्कार मंडळी. आपल्या सोसायटीची कोल्हापूरहून मालवणजवळच्या देवबागला सहल नक्की करूया. माझं म्हणणं, रविवारी पहाटे निघू, डॉल्फिन बघू, रात्री परत. मुक्कामाचा खर्च वाचतोय.

बी-३०१: काका, एका दिवसात नाही जमायचं. दीडशेच्या वर किलोमीटर, मध्ये घाट, चार तास धराच. पहाटे चारला निघालो तरी चहा-नाश्ता करत नऊ होतात. समुद्र सात-साडेसातला शांत असतो, तेव्हा पाण्यावर आलेली पाठ लांबून कळते. ऊन चढलं की वारा सुटतो, फेसाळ लाटांत काही ओळखू येत नाही आणि बोट हलून लहानांना उलट्या होतात. शनिवारी दुपारीच निघू.

सी-२०४: मला मुक्काम चालतोय. जायचं कुठल्या घाटानं, गगनबावडा का फोंडा?

बी-३०१: फोंडा. राधानगरी, दाजीपूर, मग कणकवली. फक्त येताना अंधाराच्या आत दाजीपूर ओलांडायचं, गवे रस्त्यावर येतात.

ए-४०१ (आजोबा): तिथी बघितली का कुणी? माझं आजोळ मालवणचं, म्हणून सांगतो. देवबागला कर्ली नदीत बोटीत बसायचं आणि संगमातून बाहेर समुद्रात जायचं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, मुखाशी पाणी जोरात ओढतं, ओहोटीला वाळू उघडी पडते. अष्टमी-नवमीला भांगाची भरती, पाण्याला जोर कमी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. नवमीला सकाळी पावणेसातच्या सुमारास भरती, म्हणजे आपल्याला हवी तशीच.

बी-३०१: आजोबा, बरं झालं सांगितलंत. दिनदर्शिकेत पुढच्याच्या पुढच्या रविवारी नवमी आहे. तोच धरू.

सी-२०४: पोरगी विचारत्या, टीव्हीवर मारतात तशा उड्या मारतात का?

बी-३०१: तिला आधीच सांगा, उड्या क्वचितच. आपल्या किनाऱ्याला बहुतेक दिसतात ते कुबडवाले डॉल्फिन. राखाडी रंग, पाठीवर उंचवटा आणि त्यावर छोटा पंख. उथळ पाण्यात, किनाऱ्याजवळच मासे धरतात. बोटीला बुजतात. पाठ वर येते, श्वास घेतात, खाली जातात. पण तेवढं बघायलासुद्धा काय आनंद होतो!

बी-१०३: वहिनी, पैसे भरून लांबून पाठ बघायची? आमच्या पाव्हण्यांच्या वेळी चार-पाच बोटींनी घेरलं होतं, अगदी हाताशी आले म्हणे.

बी-३०१: दादा, तसं करायचं असेल तर मी येणार नाही. डॉल्फिन आवाजावर जगतात. आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून मासे शोधतात, पिल्लू आईला आवाजानं ओळखतं. चारी बाजूंनी इंजिनं घोंघावली की ते सगळं बंद पडतं, पिल्लू दमतं. ही जात जगभरात धोक्यात आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यात डॉल्फिन पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या बरोबरीनं. बोट ठरवतानाच सांगू: पाठलाग नको, समोरून आडवं जायचं नाही, दिसले की इंजिन बंद करून थांबायचं. त्यांना श्वासासाठी दर काही मिनिटांनी वर यावंच लागतं. गप्प बसलो तर जास्त वेळ दिसतात.

बी-१०३: पिल्लाचं ध्यानात नव्हतं आलं. थांबूया मग, माझं काय नाही.

सी-५०२ (डॉक्टर ताई): बोट लागते त्यांनी गोळी अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी, उपाशी बसू नये. शनिवारी रात्री तांबडा रस्सा नको, मऊ भात खा. पोरांच्या मापाची लाइफ जॅकेटं आहेत का, हे आगाऊ विचारा. मोठ्यांचं जॅकेट लहानग्याच्या गळ्यातून निसटतं.

ए-४०१ (आजोबा): दहापर्यंत परत आलो तर मालवणला सिंधुदुर्ग किल्ला बघून निघू. आत शिवरायांचं मंदिर आहे, राजाराम महाराजांनी बांधलेलं. १८१२ मध्ये इंग्रजांनी घेईपर्यंत मालवण आपल्या कोल्हापूरच्या गादीकडं होतं. पोरांना तिथंच उभं राहून सांगतो.

ए-१०२ (सेक्रेटरी): ठरलं तर. मुक्कामासह, शनिवारी दुपारी १ वाजता गेटवरून गाडी. बोटवाल्याशी बी-३०१ वहिनी बोलतील. वारा जास्त असला तर बोट सोडायची नाही आणि पैसे परत, हेही आधीच बोलून घ्या. बुधवारपर्यंत फ्लॅट नंबर, माणसं किती आणि लहान मुलांची वयं इथंच टाका, जॅकेटं त्यावर सांगायची आहेत.

सी-२०४: आमची चार. पोरगी सहा वर्षांची.