कोळशाच्या भट्टीचा धूर जलरंगात कसा आणायचा?

निळीशाई:
रायगडच्या डोंगरात कातकऱ्यांची कोळशाची भट्टी बघून आलो. तिथंच स्केच केलं, फोटोही काढलेत. ३०० जीएसएमच्या जाड, कोल्ड प्रेस म्हणजे थोड्या खरखरीत कागदावर रंगवतोय. झाडी जमते, पण धूर कापसासारखा दिसतो आणि मोळीवाली बाई नंतर चिकटवल्यासारखी. धुराला पातळ पेन्स ग्रे (निळसर करडा रंग) वापरतो.

जुना वनरक्षक:
भट्टी पेटून किती वेळ झाला होता? धुराचा रंग त्यावर ठरतो. लाकडं रचून वर पालापेंढा नि माती थापतात. पेटली की आधी लाकडातलं पाणी जातं, तेव्हा दाट पांढरा धूर. मग पिवळट. कोळसा होत आला की विरळ निळा, तेव्हा हवेसाठी ठेवलेली भोकं बुजवायची. मातीला तडा गेला तर हवा आत शिरते आणि कोळशाची राख होते. म्हणून कुणीतरी रात्रंदिवस ओल्या मातीची पाटी घेऊन राखण करतं. तो माणूस चित्रात आहे का? नसेल तर तुम्ही मातीचा ढीग काढलाय. (आम्ही धूर दिसला की आधी परवाना विचारायचो, रंग नंतर!)

आणि बाई. ओली मोळी डोक्यावर असली की मान हलत नाही, वळायचं तर अख्खं अंग वळतं. एक हात मोळीला, पावलं आखूड. कमरेत लचकलेली बाई नको, कॅलेंडरवाल्यांनी ती भरपूर काढलीय.

पाणकागद:
पेन्स ग्रे ठेवून द्या. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) घ्या. तोच धूर गडद झाडीपुढे निळसर दिसतो आणि वर उजळ आकाशापुढे गेला की तपकिरी, तेव्हा मिश्रण वाटेत बदला. झाडीचा थर ओला असतानाच पिळलेल्या ब्रशनं रंग टिपून उचला, कडा आपोआप विरतात. पांढरा पोस्टर कलर लावू नका. विन्स्लो होमर या चित्रकारानं अमेरिकेतल्या अ‍ॅडिरॉन्डॅकच्या जंगलातले लाकूडतोडे १८९०च्या सुमारास जलरंगात रंगवले, ते बघा. पांढरं हवं तिथं तो रंग उचलायचा, कधी कागद खरवडायचा.

बाईच्या लुगड्याचा खालचा भाग नि वाटेची सावली एकाच वॉशमध्ये (पातळ रंगाच्या थरात) वाहू द्या.

निळीशाई:
धूर निळाच होता. पाटीवाला म्हातारा फोटोत आहे, बिडी ओढतोय. त्याला पुढं घेतो. मग बाई मागच्या वाटेवर जाईल, चेहरा दिसणार नाही. चालेल?

जुना वनरक्षक:
चेहरा कशाला? मोळी नीट बांधा म्हणजे झालं. दोन ठिकाणी वेल आवळलेला असतो.