काळ्या रानातली पाथरी : तण की भाजी?

धुऱ्यावरून :
वऱ्हाडच्या काळ्या जमिनीचा इतिहास आपण १८५३ पासून, म्हणजे निजामाने हा मुलूख कंपनी सरकारच्या हवाली केला तेव्हापासून, कापसाचाच इतिहास म्हणून सांगतो. याच मातीने भाकरीसोबत पाथरी, घोळ, तांदुळजा आणि कुंजर दिले, त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही. निंदणाला गेलेली बाई संध्याकाळी ओटीत भाजी घेऊन परतत असे. पान खुडताच पांढरा चीक येणारी पाथरी ती मुळासकट उपटत नसे, कारण मूळ राहिले की ती पुन्हा फुटते. तणनाशकाने भाजी आणि ही जाण दोन्ही घालवली, असे माझे मत आहे.

कोरडवाहू :
मी सहमत नाही. आपल्याला ओटीतली भाजी दिसली, दिवसभर वाकलेली कंबर दिसली नाही. झड लागून वाफसा मोडला, डवरा (तण काढायचे बैलांचे औत) चालेना आणि मजूरही मिळेना, की गवत पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, डोक्यावर जाते; अशा वेळी फवारणाऱ्याला दोष देणे सोपे आहे. शिवाय ऱ्हास तणनाशकापासून सुरू झाला, हेही खरे नाही. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवी युद्धात इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा इथे भाव कडाडले आणि पुढे पेरा वाढत गेला तशी पडीक आणि चराईची जमीन नांगराखाली आली. रान तेव्हाच आटू लागले होते.

धुऱ्यावरून :
कंबरेचा मुद्दा मान्य. परंतु नांगराखालच्या रानातही पाथरी टिकली होती, कारण खुरप्यातून काही ना काही सुटते. तणनाशक सोसणारी पऱ्हाटी परवानगी नसतानाही पेरली जाते आणि तिच्यावर सरसकट फवारा मारता येतो, त्यातून काहीच सुटत नाही. निदान धुरा, म्हणजे शेताचा बांध, तरी फवाऱ्यातून वगळावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

शेवळंवाली :
मी ठाण्याकडची. आमच्याकडे फवारा नसतानाही रानभाजी कमी होते आहे. शेवळं म्हणजे कंदातून वर आलेला फुलोराच. पावसाच्या तोंडावर तो बाजारात चढ्या भावाने जातो, म्हणून दिसेल तो कोंब खुडला जातो आणि बी धरायला काही उरत नाही. घशाला खाज येऊ नये म्हणून भाजीत काकडं, म्हणजे काकडाच्या झाडाची आंबट फळं, घालायची, हे गिऱ्हाईक आवर्जून विचारते. रानात किती कोंब सोडले, हे मला अजून एकानेही विचारलेले नाही.