मदत हवी आहे: 'मिळवणं'चं 'होणं' कसं झालं?

राजारामपुरीत मराठी माध्यमाच्या आठवीच्या पोरांची इंग्रजीची शिकवणी घेतो. 'गेट'पाशी गाडी अडलीय. (फाटक नव्हे, क्रियापद!) मूळ जुन्या नॉर्स (स्कँडिनेव्हियातल्या जुन्या) भाषेतलं 'गेटा', म्हणजे मिळवणं, 'फर्गेट'मध्येही तोच धातू, एवढं शब्दकोशातून कळलं. 'गेट अ जॉब' त्यात बसतं. पण 'गेट वेट' (ओलं होणं), 'गेट अँग्री' (रागावणं)? आपल्या 'लागणे'चा दाखला देऊन पाहिला: भूक लागते, ठेच लागते, पोरगं रडू लागतं. पोरं हसली, पण पटलं नाही. अर्थांची यादी नको, ती गाईडात आहेच. जड व्याकरणी संज्ञाही नकोत, वर्ग झोपतो. मिळवण्यापासून होण्यापर्यंतचा हा प्रवास पाच मिनिटांत फळ्यावर कसा मांडाल?