पुढच्या एक्सलचा बूट फाटला आहे. फक्त बूट बदलावा की संपूर्ण ड्राइव्ह शाफ्ट?

इंदिरानगरवासी:
नमस्कार. माझी पेट्रोल हॅचबॅक सात वर्षांची असून तिचे ७८,००० किलोमीटर झाले आहेत. रोजचे जाणे-येणे इंदिरानगर ते अंबड एवढेच. मात्र दर रविवारी दिंडोरी तालुक्यातील आमच्या द्राक्षबागेत जावे लागते आणि तिथला शेवटचा दीड किलोमीटर शिवाररस्ता आहे. मागच्या आठवड्यात पंक्चरसाठी पुढचे डावे चाक उतरवले, तेव्हा रिमच्या आतल्या बाजूवर आणि शॉकअॅब्सॉर्बरच्या नळीवर काळ्या, चिकट ग्रीसचे शिंतोडे दिसले. चाकाकडच्या रबरी बुटाच्या, म्हणजे एक्सलच्या सांध्यावरील घडीदार आवरणाच्या, एका घडीत बोटभर लांबीची चीर पडली आहे. वळताना आवाज मात्र अजून येत नाही. सर्व्हिस सेंटरने दोन्ही बाजूंचे ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून चाक फिरवणारे एक्सल, बदलायला सांगितले, तर मुंबई नाक्याजवळचे आमचे नेहमीचे मिस्त्री म्हणतात की बुटावर भागेल. कोणाचे ऐकावे? आणि नवा बूट अधिक टिकावा म्हणून काही करता येते का?

सातपूरचा फिटर:
आवाज येत नसेल, तर आपल्या मिस्त्रींचे म्हणणे बहुधा बरोबर आहे. पण निर्णय सांधा उघडल्यावरच घ्यावा. चाकाकडच्या सीव्ही (कॉन्स्टंट व्हेलॉसिटी, म्हणजे एकसमान गतीच्या) सांध्यात सहसा सहा छर्रे असतात आणि ते बाहेरच्या वाटीच्या व आतल्या गाभ्याच्या खाचांतून सरकत राहतात, म्हणून चाक वळलेले असतानाही त्याला एकसारखी गती मिळते. या सांध्याला बाहेरून ग्रीस भरण्याची सोय नसते. कारखान्यात भरलेले ग्रीसच त्याला आयुष्यभर पुरावे लागते आणि ते आत राखण्याचे काम तो बूट करतो. चीर पडली की फिरत्या शाफ्टच्या वेगाने ग्रीस बाहेर फेकले जाते आणि त्याच वाटेने माती व पाणी आत शिरते. सांधा झिजतो तो त्या मातीने.

आधी मोकळ्या जागेत स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून गाडी अगदी सावकाश पुढे व मागे चालवून पाहा. मग दुसऱ्या बाजूला वळवून तेच करा. लयीत ‘कट-कट’ ऐकू आले, तर नुसत्या बुटावर पैसे घालवू नका. आवाज नसेल, तर मिस्त्रींनी सांधा उघडताच, धुण्यापूर्वी, आतले ग्रीस चिमटीत घेऊन अंगठ्याने चोळून पाहावे. ते लोण्यासारखे मऊ लागले तर ठीक; रव्यासारखे कण टोचले तर माती आत गेली आहे असे समजावे. नंतर सर्व भाग धुऊन, कोरडे करून खाचा उजेडात तपासाव्यात. छर्रा बसतो तिथे नखाला अडेल असा खड्डा असल्यास सांधा बदलावा.

बसवताना बहुतेक चुका घाईतून होतात. चाकाच्या बेअरिंगचे साधे ग्रीस या सांध्याला चालत नाही. मॉलिब्डेनम डायसल्फाइड असलेले काळे ग्रीस लागते आणि बुटाच्या किटमधील पाकीट पूर्ण वापरावे. बूट आवळून धरणारे क्लॅम्प नवेच असावेत, तारेने बांधून देणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा. लहान क्लॅम्प आवळण्यापूर्वी बुटाची कड किंचित उचलून आत कोंडलेली हवा सोडावी, नाहीतर बूट फुगलेला किंवा पिचकलेला राहतो आणि त्याच घडीवर पुन्हा चिरतो. हबचा, म्हणजे चाकाच्या मध्यावरचा, नटही नवा घालून टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळून घ्यावा.

गोदाकाठ:
वरील उत्तराशी मी सहमत आहे; फक्त एक भर घालतो. शाफ्ट बाहेर काढण्याची मजुरी एकदाच पडत असल्याने, त्याच शाफ्टचा गिअरबॉक्सकडचा बूटही तडकलेला दिसल्यास तेव्हाच बदलावा. उजवी बाजू मात्र नुसती ‘जोडी’ म्हणून बदलण्याचे कारण मला दिसत नाही.

आता टिकण्याविषयी. गाडी धुतल्यावर खालच्या बाजूला डिझेल किंवा जळक्या ऑइलचा फवारा मारून देण्याची पद्धत आपल्याकडे अजून काही वॉशिंग सेंटरवर आहे. पत्र्याला तो बरा वाटत असेल. रबर मात्र अशा तेलाने फुगते आणि मऊ पडते. तो फवारा स्पष्ट शब्दांत नाकारावा. प्रेशरच्या पाण्याचा झोतही बुटाच्या कडेवर जवळून धरू देऊ नये.

आपण द्राक्षबागेचा उल्लेख केला म्हणून विचारतो: एप्रिलच्या खरड छाटणीनंतर किंवा ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर बांधावर टाकलेल्या काड्या गाडीरस्त्यात पडलेल्या असतात का? माझा एक बूट अशाच तिरप्या कापलेल्या काडीने फाटला होता. शिवाय पावसाळ्याच्या आधी व नंतर स्टिअरिंग पूर्ण वळवून, टॉर्चच्या उजेडात बुटाच्या घड्या पाहाव्यात. घडीच्या तळाशी बारीक भेगा दिसू लागल्या, की ग्रीस उडण्याची वाट पाहू नये. बाहेरचा बूट आधी जातो, कारण चाक वळताना सर्वाधिक दुमडतो तोच.

सातपूरचा फिटर:
एक राहिले. शाफ्ट न काढता बसवता येणारा, चिकटवून जोडायचा दुभंग बूट कोणी सुचवला, तर तो गाव गाठण्यापुरता ठीक. त्यात सांधा धुतला जात नाही, हा त्याचा खरा दोष आहे.

इंदिरानगरवासी:
आपणा दोघांचा आभारी आहे. शनिवारी काम झाले. वळवून पाहताना आवाज आला नाही आणि चिमटीतले ग्रीस मऊ होते. फक्त चिरेजवळचा थोडा भाग मातकट झाला होता. खाचा गुळगुळीत निघाल्या, त्यामुळे सांधा धुऊन तोच ठेवला. डाव्या शाफ्टचे दोन्ही बूट आणि हबचा नट नवा घातला. उजवा बूट तपासला, तो शाबूत आहे. जुना बूट मी मागून घेतला. चीर आतून पाहिली, तर कडा सरळ कापल्यासारख्या आहेत, म्हणजे काडीचा संशय खरा असावा. या रविवारी गाडी पाटाजवळ लावून पुढे चालतच गेलो.