चॉप लांबतोय तो डाव्या हातामुळे

मॅन्डोलिनवरच्या चॉपचा (कॉर्डच्या तुटक फटक्याचा) आवाज ‘चक्’ असा तुटत नाही, घणघणत राहतो, ही तक्रार उजव्या हाताची वाटते, पण दोष बहुतेक वेळा डाव्या हातात असतो. अमेरिकन ब्लूग्रास संगीतातला मॅन्डोलिनवादक बिल मन्रो याच्या पद्धतीचा जी कॉर्ड जाड तारेपासून ७-५-२-३ या पडद्यांवर धरा: करंगळी, अनामिका, तर्जनी, मधलं बोट. एकही तार मोकळी नाही, आणि गोम तीच. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर फटका मारताक्षणी बोटांचा दाब सोडा, पण बोटं तारेवरच ठेवा. उचललीत की तार पुन्हा वाजते. मेट्रोनोम ५० वर ठेवून त्याचा टोला २ आणि ४ समजा, म्हणजे लय १०० ची झाली. पातळ पिक (तार छेडायची चकती) फडफडतं. दीड मिलिमीटरच्या आसपासचं, गोल कडेचं घ्या.

मॅन्डोलिनवादक जेसी मॅकरेनॉल्ड्सचं क्रॉसपिकिंग मात्र वेगळंच प्रकरण. बँजोचा रोल, म्हणजे बोटांनी तारा पाळीपाळीने छेडण्याचा फिरता नमुना, त्याने एका पिकवर आणला. डी तारेवर फटका खाली, ई तारेवर वरच्या दिशेने, ए तारेवरही वरच्या दिशेने. हे दोनदा, मग डी-ई. ३+३+२, आठ स्वर. इथे सवयीने खाली-वर आलटूनपालटून मारलं तर जोर दर दुसऱ्या स्वरावर पडतो आणि रोलचं झुलणंच जातं. डावा हात महिनाभर एकाच कॉर्डवर ठेवलात तरी चालेल.

मन्रोच्या धुना उतरवताना आधी फक्त खाली जाणारे फटके ऐका. त्याचा रांगडेपणा तिथे आहे, स्वरांत कमी.